मावशींची चौकट

"वार्तापत्राला काही फार डोकं लागत नाही, सर. तुम्हीच करून टाका," असं आमच्या विभागप्रमुख बाई भर बैठकीत म्हणाल्या, आणि ते माझं कौतुकच आहे अशा समजुतीने मी मान डोलावली. बैठक संपून चहा येईपर्यंत मी मनातल्या मनात 'संपादक' झालोही होतो.

आमचा विभाग आहारशास्त्राचा. म्हणजे माणसाने काय खावं, किती खावं आणि मुख्य म्हणजे काय खाऊ नये, हे शिकवणारा. विभागाला तीस वर्षं होत होती, त्यानिमित्ताने चार पानांचं वार्तापत्र काढायचं ठरलं. सध्याचे विद्यार्थी काय दिवे लावताहेत, प्राध्यापक काय करताहेत आणि इथून शिकून गेलेले कुठे कुठे पोहोचले, एवढाच मजकूर. मी इथे एकोणीस वर्षं शिकवतो आहे, त्याआधी इथेच शिकलो. अकरा प्राध्यापकांत मी एकटाच पुरुष, त्यामुळे शिडीवर चढायचं, फ्यूज बघायचा किंवा छापखान्यात खेपा घालायच्या असं काहीही निघालं की सगळ्या माना एकाच दिशेला वळतात.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही? अहो, तुम्ही किराणाची यादी लिहिता त्यात साबण तीनदा येतो."

माणसाच्या अंगी काही गुण असतात ते आधी परक्यांना कळतात, हे मी तिला समजावून सांगितलं. ती भाजी चिरत होती. चिरत राहिली.

परके मात्र लगेच जमले. खालच्या मजल्यावर वेळापत्रककाका राहतात. बस आणि रेल्वेची वेळापत्रकं छापणाऱ्या छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "एक लक्षात ठेवा. विशेषणं काढायची. गाडी 'दिमाखात' सुटत नाही, सुटते. कुठून निघाली, कुठे पोहोचली, किती वाजता. बाकी सगळा कचरा. हाती लाल पेन धरायचं आणि मन घट्ट करायचं."

वरच्या मजल्यावरच्या काकूंना बातमी कळली ती जिन्यातून. त्या म्हणाल्या, "त्यात वजन कमी करायचा तक्ता टाका बाई एखादा. तीन आठवड्यांचा."

"काकू, हे बातम्यांचं पत्रक आहे."

"मग बातमी म्हणून टाका. अमुक अमुक बाईंचं वजन सहा किलो उतरलं. माझं नाव घाला. तुम्ही आधी छापा, मी नंतर उतरवते."

काकूंची सूचना मी हसण्यावारी नेली. वेळापत्रककाकांची मात्र गाठीला बांधली, आणि लाल पेनांचा डबा आणला. आज मागे वळून बघताना वाटतं, हे उलट केलं असतं तर बरं झालं असतं. एका बाईचं न उतरलेलं वजन छापल्याने कुणाचं काही बिघडलं नसतं.

पहिली अडचण पत्त्यांची. माजी विद्यार्थ्यांचे पत्ते परीक्षा विभागात असतात. तिथल्या साहेबांनी सांगितलं, "पत्ते गोपनीय आहेत. फक्त माजी विद्यार्थी संघटनेला देता येतात."

"संघटना कुठे आहे?"

"बरखास्त झाली. पत्ते मिळत नव्हते म्हणून."

मी स्वतः माजी विद्यार्थी आहे असं सांगितल्यावर त्यांनी तसा दाखला मागितला. दाखल्यासाठी अर्ज. अर्जासोबत पदवीची साक्षांकित प्रत. आमच्या विभागाच्या प्रती साक्षांकित करायचा अधिकार विभागप्रमुखांचा, आणि बाई परिषदेला गेलेल्या. त्यांच्या गैरहजेरीत तो अधिकार ज्येष्ठ प्राध्यापकाकडे येतो. ज्येष्ठ प्राध्यापक मी. तेव्हा मीच माझी पदवी पाहिली, ती खरी असल्याची स्वतःची खात्री करून घेतली, आणि सही केली. साहेबांनी अर्जावरची आणि प्रतीवरची अशा दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरून बघितल्या आणि म्हणाले, "जुळत नाहीत."

तीन आठवड्यांनी पत्ते मिळाले. त्यानंतर जनसंपर्क कक्षाचं परिपत्रक आलं. बातमी ईमेलवर चालणार नाही, स्वतःच्या हस्ताक्षरात, सहीनिशी आणि पत्त्यासकट हवी. प्रत्येक माजी विद्यार्थ्याला कमाल चाळीस शब्द. मथळे तीनच: विद्यार्थी, प्राध्यापक, माजी विद्यार्थी. आणि छायाचित्रात कोणतीही व्यक्ती खाताना किंवा पिताना दिसू नये. हे शेवटचं कलम सगळ्या विद्यापीठासाठी होतं, पण आमच्याच विभागावर डूख धरून लिहिल्यासारखं वाटत होतं.

मी एकशे बारा पत्रं टाकली. आणि ही गडबड चालू असतानाच एके दुपारी मावशी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

मावशींबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे शिकवण्याचं एक मोठं स्वयंपाकघर आहे. कागदोपत्री त्याला प्रयोगशाळा म्हणतात. बारा शेगड्या, आठ वजनकाटे आणि साठ माणसांचं सूप मावेल एवढी दोन पातेली. मावशी तिथल्या परिचर. कागदोपत्री त्यांचं काम भांडी घासणं, काटे पुसून ठेवणं आणि गॅस बंद आहे ना ते बघणं. एकोणतीस वर्षं त्या हे करत होत्या. पण शिकवण्याच्या बाबतीत खरं सांगायचं तर, सुपात मीठ किती ग्रॅम हे आम्ही फळ्यावर शिकवायचो, आणि बिनमिठाचं सूप माणसाच्या घशाखाली उतरेल कसं हे मावशी शिकवायच्या. एखाद्या पोरीचं पातेलं बिघडत आलं की त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या येऊन शेजारी उभ्या राहायच्या. थोड्या वेळाने ओट्यावर एक लिंबू किंवा भाजलेल्या लसणाची वाटी आलेली असायची.

तर मावशी दारात उभ्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, "सर, महिनाअखेरीला माझे दिवस भरतात. रिटायर होतेय."

"अरे! झाली एवढी वर्षं?"

"ते तुम्ही काढताय ना पेपर, त्यात येईल का हो? एक ओळ. मावशी रिटायर झाल्या म्हणून."

मला संपादक होऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते आणि अजून कुणी काही मागायला आलं नव्हतं. मी खुर्चीत मागे रेललो. "एक ओळ? मावशी, चौकट करतो चौकट! फोटोसकट."

"चौकट म्हणजे?"

मी त्यांना कागदावर चौकोन काढून दाखवला. चारी बाजूंनी रेघ, आत फोटो, खाली मजकूर. त्या चौकोनाकडे त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "एवढं नको. पण तुम्ही म्हणताय तर करा."

दुसऱ्या दिवशी त्या ठेवणीतले कपडे घालून आल्या. केसांना तेल, वर काम करताना घालायची टोपी नाही. पातेल्याजवळ उभं राहायला सांगितलं तर खांबासारख्या ताठ झाल्या. मी म्हटलं, "मावशी, रोजच्यासारखं काहीतरी करा ना." तशी त्यांनी सवयीने पळी बुडवली, तळहातावर सुपाचा थेंब घेतला आणि तो जिभेला लावून डोळे बारीक केले. मी नेमकं तेव्हा बटण दाबलं. फोटो असा काही उतरला की मला माझाच अभिमान वाटला.

मजकूरही लिहिला. साठ शब्द. एकही विशेषण नाही.

इकडे पत्रं येऊ लागली. एकूण अडतीस आली. कुणी मोठ्या रुग्णालयात मुख्य आहारतज्ज्ञ, कुणी शाळांच्या जेवणावर देखरेख करणारी, कुणी खेळाडूंना सल्ला देणारी, एक जण तर जहाजावर. पण एकालाही चाळीस शब्दांचं भान नाही. दोन-दोन पानं लिहिलेली. नोकरी सांगून झाली की मुलंबाळं, मग वसतिगृह, मग परीक्षेच्या दिवशी काय झालं, मग कुणाकुणाची चौकशी. मी लाल पेन उचललं आणि मन घट्ट केलं. कुठून निघाले, कुठे पोहोचले. बाकीच्यावर रेघ. समासात मी 'अना.' लिहीत होतो, म्हणजे अनावश्यक. तिसऱ्या पत्रानंतर तेही पूर्ण लिहायचं सोडून नुसता 'अ' काढू लागलो. रविवार दुपारभर हे चाललं होतं. बायको चहा ठेवायला आली आणि एक पत्र उचलून वाचू लागली.

"हे किती छान लिहिलंय हो. हे का खोडलंत?"

"त्यात बातमी नाही."

"नाही कशी? आहे की."

मी तिला गाडीचं उदाहरण दिलं. ती चहा ठेवून गेली.

मग सगळं बाड घेऊन मी जनसंपर्क कक्षात गेलो. तिथे एक बाई बसतात, त्यांच्या टेबलावर मोजपट्टी असते आणि ती शोभेची नाही. त्यांनी चारही पानं मोजली. अर्धं पान जास्त भरत होतं.

"हे काढावं लागेल," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मोजपट्टी मावशींच्या चौकटीवर ठेवली. "ह्या कोण?"

"आमच्या मावशी. प्रयोगशाळेतल्या."

"विद्यार्थी?"

"नाही."

"प्राध्यापक?"

"नाही, पण..."

"माजी विद्यार्थी?"

"तशा नाहीत."

"मग मथळा कुठला? आणि ह्या काहीतरी खाताहेत."

"चव बघताहेत."

"तेच ते. फोटो दुसरा आणा, आणि कुलसचिवांकडून चौथ्या मथळ्याची मंजुरी आणा. आणि हे काय? तुम्ही दोनदा आहात?"

मी दोनदा होतो हे खरं आहे. 'प्राध्यापक' या मथळ्याखाली माझा शोधनिबंध आणि फोटो, आणि 'माजी विद्यार्थी' या मथळ्याखाली, विभागातूनच शिकून विभागातच प्राध्यापक झालेले एकमेव, असा उल्लेख आणि दुसरा फोटो. दोन्ही ठिकाणी मी नियमात बसत होतो. हे मी त्या बाईंना सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. परिपत्रकाचं कलम दाखवलं, साक्षांकित दाखला दाखवला, एकोणीस वर्षांच्या नोकरीचा हवाला दिला. वीस मिनिटं मी असा काही भांडलो की शेजारच्या टेबलावरचा कारकून काम थांबवून ऐकू लागला. शेवटी बाईंनी मोजपट्टी खाली ठेवली. "बरं, राहू द्या तुमचा दुसरा फोटो. पण मग ती चौकट गेली."

आणि मी "ठीक आहे" म्हणालो.

हे वाक्य मी पुढे पुष्कळदा निरनिराळ्या चालीवर म्हणून बघितलं आहे. नाइलाजाने म्हटलं असेल, थकून म्हटलं असेल, मंजुरी आणू आणि पुढच्या अंकात घेऊ असं मनात ठेवून म्हटलं असेल. पण नाही. मी ते खुशीत म्हणालो होतो. भांडण जिंकल्यावर माणूस जसा म्हणतो तसं.

अंक छापून आला तो नेमका मावशींच्या शेवटच्या दिवशी. छापखान्याने आपली करामत दाखवली होतीच. रुग्णालयातल्या एका नामवंत बाईंना 'वजन नियंत्रण तज्ज्ञ'च्या ऐवजी 'वजन निमंत्रण तज्ज्ञ' करून टाकलं होतं, आणि एकीने 'मधुमोहावर' संशोधन केलं होतं. मी कपाळाला हात लावून बसलो. संपादकाची बेअब्रू म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, असं मला वाटलं. बेअब्रूबद्दल मला तेव्हा फारच थोडी माहिती होती.

चार वाजता मावशींचा निरोपसमारंभ झाला. केक होता. विभागप्रमुख बाई चांगलं बोलल्या. मावशींनी केक कापला, सगळ्यांना वाटला आणि सवयीने बश्या गोळा करून घासायला गेल्या. स्वतःच्या निरोपाच्या बश्या. नळ बंद करून त्या माझ्याकडे आल्या.

"सर, अंक आला म्हणे. तीन मिळतील का? एक माझ्याकडे राहील, एक बहिणीला, एक समोरच्या इस्त्रीवाल्याला. त्याला सांगून ठेवलंय."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. शब्दही तयार होते: मावशी, जमलं नाही, मला माफ करा. एवढेच. मी काय केलं, तर तीन अंक एका पाकिटात घातले, पाकिटाला डिंक लावला आणि वर दोन पिना मारल्या. "घरी जाऊन निवांत बघा," असंही म्हणालो. त्यांनी पाकीट पिशवीत भाजीच्या वर ठेवलं, वाकू नये म्हणून.

पुढच्या आठवड्यात फोन सुरू झाले. मला वाटलं निमंत्रण आणि मोहाबद्दल असतील, म्हणून मी खुलासा तयार ठेवला होता. पहिला फोन खुद्द निमंत्रणवाल्या बाईंचाच. त्या हसत होत्या. "सर, माझ्या दवाखान्यात आता सगळे हेच म्हणतात. असू दे. पण मावशींचं काहीच नाही हो अंकात? मी विचारलं होतं पत्रात."

दुसरा फोन जहाजावरच्या मुलीच्या आईचा. मुलीने विचारलंय, मावशी बऱ्या आहेत ना? तिसरा, चौथा. पाचव्या फोनला मी थोडा रागावूनच म्हणालो, "हे प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांचं वार्तापत्र आहे."  पलीकडून, "हो, ते बरोबर आहे, सर," आणि फोन ठेवला गेला.

मी पत्रांची फाईल काढली. यावेळी लाल रेघांखालचं वाचलं. एकीने लिहिलं होतं, घशाचा त्रास असलेल्या पेशंटसाठी घट्ट पेय करताना मी अजून मावशींसारखा चमचा तिरका धरते. ओघळ आला तर परत घट्ट करायचं, गोळा पडला तर बरोबर. मावशी कशा आहेत? दुसरीने लिहिलं होतं, परीक्षेच्या दिवशी रडत होते तेव्हा मावशींनी मला सांगितलं, रड, पण पातेलं ढवळत रड, तळाला लागेल. त्यांना माझा नमस्कार सांगा. तिसरीला त्यांचा पत्ता हवा होता. मी मोजत गेलो. अडतीसपैकी एकतीस पत्रांत मावशींची चौकशी होती. एकतीस वेळा मी त्यावर रेघ मारली होती आणि समासात 'अ' काढला होता.

आणि मी स्वतः? माझ्या पदवीच्या प्रात्यक्षिकाला साठ जणांचं सूप मी करपवलं होतं. वर्गातला एकटा मुलगा, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष. मावशी आल्या, त्यांनी वरचं न लागलेलं सूप हलकेच दुसऱ्या पातेल्यात ओतलं, त्यात चार उकडलेले बटाटे सोडले आणि करपलेलं पातेलं पाण्याखाली धरत म्हणाल्या, "हे माझं घासायचं पातेलं आहे. तुमचं ते." परीक्षकांनी मला पहिल्या वर्गाचे गुण दिले. माझ्याबद्दलच्या दोन्ही बातम्यांत ही गोष्ट नव्हती. ती खोडायलाही लागली नव्हती, कारण मी ती लिहिलीच नव्हती.

बायको म्हणाली, "पत्रं घ्या आणि आजच जा."

मी शनिवारी गेलो. मावशींचं घर एका इस्त्रीच्या दुकानासमोर, दोन खोल्यांचं. इस्त्रीवाल्याने मला नीट निरखून पाहिलं. अंकात दोनदा फोटो असल्याने त्याने मला ओळखलं असावं. मावशींनी दार उघडलं. "सर! या, या." शेगडीवर मोठं पातेलं होतं. "दोनच माणसं आहोत, मी आणि सून, पण हाताला सवय नाही हो कमीची. रोज उरतं. मग इस्त्रीवाल्याकडे देते."

सून बसची तिकिटं तपासायच्या नोकरीत होती. पाण्याचा पेला तिने माझ्यासमोर ठेवला तो जरा जोरातच. ती म्हणाली, "चारही पानं वाचली आम्ही. दोनदा. पहिल्यांदा मी वाचून दाखवली, मग ह्या म्हणाल्या तुझ्या नजरेतून सुटलं असेल, म्हणून परत ह्यांनी स्वतः वाचली."

"अगं, असू दे," मावशी म्हणाल्या.

मी घसा खाकरला. पिशवीत पत्रं होती. रस्त्याने मी वाक्यं जुळवली होती. पण मावशीच आधी बोलल्या. "मी हिला म्हटलं, छापखान्यात राहून गेलं असेल. त्या लोकांचं काय. कुणाचं नियंत्रणाचं निमंत्रण केलंय त्यांनी. आपली तर आख्खी चौकटच. होय ना, सर?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळे तसेच बारीक केलेले, चव बघताना करायच्या तसे. आणि मला वाटतं त्यांना तेव्हा सगळं कळत होतं. तरीही त्यांनी माझ्यापुढे दुसरं पातेलं सरकवलं होतं.

"होय," मी म्हणालो. "छापखान्यात राहिलं."

सुनेने पेला उचलला. पत्रं पिशवीतून काढायचा आता प्रश्नच नव्हता, कारण एकतीस पत्रांवरच्या लाल रेघा काही छापखान्याने मारलेल्या नव्हत्या. मावशींनी मला सूप दिलं. मी प्यायलो. ते फार चांगलं झालं होतं, आणि घशाखाली उतरत नव्हतं.

घरी बायकोने विचारलं, "दिलीत पत्रं?" मी नकारार्थी मान हलवली. ती आत निघून गेली. त्यापेक्षा साबणाबद्दल बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दहा दिवसांनी मी पत्रं पोस्टाने पाठवली. सोबत चिठ्ठी लिहिली, पूर्ण एक पान. छापखान्याचा दोष नव्हता, माझा होता, हे त्यात कबूल केलं. मग ते कसं घडलं याचा खुलासा केला: परिपत्रक, चाळीस शब्द, तीन मथळे, मोजपट्टी, वेळापत्रककाकांचा सल्ला. माझ्या दुसऱ्या फोटोबद्दलही लिहिलं, अगदी शेवटी, बारीक अक्षरात. मला ती चिठ्ठी प्रांजळ वाटली. उत्तर येईल असंही वाटलं.

महिन्याभराने फोन पुन्हा सुरू झाले. निमंत्रणवाल्या बाई आनंदाने जवळजवळ ओरडत होत्या, "सर, मावशींचं पत्र आलं मला! स्वतःच्या हाताने लिहिलंय. गुडघा दुखतो म्हणतात, बाकी ठीक आहे. तुझा चमचा अजून तिरका आहे का विचारलंय!" मग दुसरीला आलं, तिसरीला आलं. जहाजावरच्या मुलीलासुद्धा आलं, कुठल्याशा बंदरात जाऊन पोहोचलं. दोन-तीन ओळींचीच पत्रं, पण प्रत्येकीला वेगळं. कुणाला बटाट्याबद्दल, कुणाला रडण्याबद्दल. एकतीसच्या एकतीस जणींना उत्तर गेलं.

मला नाही आलं.

पहिले काही दिवस मला वाईट वाटलं, मग थोडा रागही आला. कबुली देणाऱ्या माणसाला निदान पोच तरी द्यावी. मी बायकोला तसं म्हणालो. ती म्हणाली, "काय लिहिलं होतंत तुम्ही नक्की?" माझ्याकडे चिठ्ठीची कच्ची प्रत होती, मी सगळ्याची ठेवतो. तिने ती वाचली आणि माझ्याकडे परत दिली. "तुम्हीच वाचा."

मी वाचली. सगळं होतं. परिपत्रकाचा जावक क्रमांकसुद्धा होता. मी कसा होतो, माझं कसं झालं, मला कसं वाटलं. एकतीस जणींनी जे विचारलं होतं ते मात्र त्या पानभर मजकुरात कुठेच नव्हतं.

मग पोस्टात जाऊन एक कार्ड आणलं. "मावशी, कशा आहात? गुडघा कसा आहे?" एवढंच लिहिलं आणि खाली सही केली. त्याला आज सतरा दिवस झाले. आमच्या गल्लीत पोस्टमन अकराच्या सुमाराला येतो, आणि त्या वेळेला मी हल्ली तास घेत नाही.